चोवीस कामट्यांचा कंदील

२०२५ च्या २३ ऑगस्टला, तान्हा पोळ्याच्या दिवशी, आमच्या स्कीममधली, म्हणजे इमारतीतली, पाच मुलं घेऊन मी नागपूरच्या महाल भागात मारबतीची मिरवणूक पाहायला गेले होते. मारबत म्हणजे रोगराई आणि वाईट गोष्टी घालवायला काढलेला बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, हे मी त्यांना वाटेत सांगितलं. पण पोरांचं सगळं लक्ष बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवर. गर्दीत एका बडग्याच्या पाठीचा कागद फाटला होता आणि आतल्या बांबूच्या कामट्या उघड्या पडल्या होत्या. सहा वर्षांचा ईशान माझ्या कडेवर होता, तो एकदम ओरडला, "काकू, हा तर आतून खाली आहे!"

परतताना मेट्रोत तोच विषय सुरू होता. अकरा वर्षांच्या ओवीनं विचारलं, "मग आकाशकंदील पण आतून असाच राहते का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुलांनी बांबूचा कंदील जवळून पाहिलेलाच नाही. आमच्या स्कीममध्ये गेली कित्येक वर्षं घडीचे प्लास्टिकचे कंदील लागतात, दिवाळी झाली की घडी घालून कपाटात जातात. मी ओवीला सांगितलं की माझे बाबा दर वर्षी घरी कंदील करायचे. ती म्हणाली, "मग तुम्हाला येतेच."

मला येत नव्हतं. बाबा करायचे तेव्हा माझ्याकडे खळ ढवळण्याचं आणि कागद धरण्याचं काम असायचं. सांगाडा ते रात्री एकटे बसून बांधायचे, सकाळी उठले की तो खुंटीला लटकलेला दिसायचा. तरी मी मुलांना हो म्हटलं. त्या हो पासून १७ ऑक्टोबरच्या वसुबारसेपर्यंत जे जे झालं ते सगळं इथे लिहिते आहे. शेजारच्या लेआउटमधल्या दोघीतिघींना पुढल्या वर्षी हे करायचं आहे आणि त्यांचे प्रश्न तेच आहेत जे ऑगस्टमध्ये माझे होते.

सुरुवात माळ्यावरून केली. बाबांचा शेवटचा कंदील आईनं जुन्या लुगड्यात बांधून जपून ठेवला होता. कागद उडून पांढरट झालेला, एक बाजू फाटलेली, पण सांगाडा ताठ. तो मी सोडून पाहणार होते, आईनं हात धरला. म्हणाली, "सोडू नको, मोज." म्हणून मोजायला बसले. एकाच लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चार कामट्यांचे चार चौकोन, ते कोनावर उभे केलेले, शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला कोपरा लावून गोल बांधलेले. चारही चौकोनांची वरची टोकं चार कामट्यांनी जोडली की वर आपोआप एक आडवा चौकोन तयार होतो, खाली तसाच दुसरा. एकूण बारा सांधे आणि प्रत्येक सांध्यात चार कामट्या. मधे उरलेल्या जागांत आठ त्रिकोण. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट, पण तिच्यातल्या सगळ्या कामट्या सारख्या आहेत हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि मोठा धीर आला, कारण मुलांना वेगवेगळी मापं सांभाळावी लागणार नव्हती. एकच माप, २० सेंटिमीटर.

१३ आणि १४ सप्टेंबरला मी एकटीनं एक कंदील करून पाहिला. खराट्याच्या काड्या घेतल्या, त्या दोरा आवळताच वाकल्या. मग घरातल्या जुन्या बांबूच्या चिकाच्या, म्हणजे पडद्याच्या, पट्ट्या कापल्या, त्या ठीक निघाल्या. दोऱ्यानं मात्र रडवलं. नायलॉनचा दोरा गुळगुळीत, गाठ मारली की सुटते. बाबांच्या सांध्यांना संक्रांतीची उरलेली सद्दी होती, म्हणजे पतंगाचा साधा सुती दोरा, आणि इतक्या वर्षांत एकही गाठ सैल झालेली नव्हती. ज्यांच्या घरी पतंगांचं जुनं सामान पडलेलं असेल त्यांना एक सांगते, उरलेला नायलॉन मांजा मुलांच्या हातात या कामासाठी चुकूनही देऊ नका. त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि तो बोटं कापतो. शिवण्याच्या दुकानातला जाड सुती दोरा घ्या.

दोन दिवसांत माझा एक कंदील झाला, थोडा कललेला. तो दारात टांगला आणि चौदा मुलांनी नावं दिली. सगळ्यात लहान ईशान, सगळ्यात मोठा तेरा वर्षांचा कबीर. दोघांत एक, एक मोठं आणि एक लहान, असे सात कंदील ठरले.

मुलांना ते घरात लावायचे नव्हते. त्यांना सातही एका ओळीत आमच्या लेआउटच्या उद्यानात लावायचे होते, फाटकाजवळच्या दोन लोखंडी खांबांच्या मधे. म्हणजे परवानगी आली.

स्कीमची परवानगी सोपी होती. गच्ची आणि मीटरची खोली दोन आठवडे वापरण्यासाठी सेक्रेटरींना साधा अर्ज, बारापैकी आठ घरांच्या सह्या, आणि गच्ची रोज झाडून देण्याची कबुली. उद्यान ज्या कार्यालयाकडे आहे तिथे मात्र मला एक महिना लागला. ८ सप्टेंबरला अर्ज घेऊन गेले. "जागेचा नकाशा जोडा," असं सांगून परत पाठवलं. हातानं काढलेला नकाशा चालतो हे दुसऱ्या खेपेला, १० तारखेला, कळलं. त्या दिवशी अर्ज आवक झाला, क्रमांक मिळाला. २६ तारखेला चौकशीला गेले तर संबंधित बाबू रजेवर. २९ ला ते भेटले, फाइल चाळून म्हणाले की विजेचं काय करणार ते अर्जात लिहिलेलंच नाही. तिथेच उभ्या उभ्या पुरवणी अर्ज लिहिला. मधे दसरा आला, सुट्ट्या आल्या. ९ ऑक्टोबरला पत्र हातात पडलं.

त्या पत्रातल्या अटी सांगते, म्हणजे तुम्ही आधीच तयारीत राहाल. रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून वीज घ्यायची नाही, फक्त बॅटरी. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत. कंदील आठ फुटांच्या वर. १७ ते २३ ऑक्टोबर एवढीच मुदत, २४ ला जागा साफ. १,००० रुपये अनामत, साध्या कागदावर हमीपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि त्यांच्या आधारच्या झेरॉक्स. अर्जात पहिल्याच दिवशी जागा, तारखा, वीज आणि जबाबदार व्यक्ती या चारही गोष्टी लिहिल्या असत्या तर माझ्या निदान दोन खेपा वाचल्या असत्या. पत्र येईपर्यंत मला झोप लागत नव्हती, कारण मुलं रोज संध्याकाळी जिन्यात विचारायची, "काकू, आलं का?" नाही म्हणताना फार जड जायचं.

परवानगीची वाट पाहत बांबूचं काम थांबवता येत नव्हतं. आमच्या भागातल्या बुरडदादांकडे १७ सप्टेंबरला गेले. त्यांनी आधी विचारलं, "ताई, कशाले पाहिजे?" कंदील म्हटल्यावर समोरचा हिरवा बांबू बाजूला सारला. हिरवा बांबू वाळताना आकसतो, म्हणजे आज घट्ट मारलेली गाठ दिवाळीपर्यंत ढिली पडते. अगदी कोरडा बांबू चिरताना तडकतो. अर्धवट वाळलेला हवा, तो आठ दिवसांनी मिळेल, असं म्हणाले. मी आठ दिवसांनी गेले. दोन बांबू, पेरं वगळून चिरलेल्या २०० कामट्या, चिराईसकट ५०० रुपये. सात कंदिलांना १६८ लागतात, वरच्या मोडतोडीसाठी. त्यांनी एक कामटी हातात देऊन अंगठा कडेवरून फिरवायला सांगितलं. एका बाजूला फिरला की गुळगुळीत, उलट फिरला की कूस, म्हणजे बारीक काटा, टोचते. "पोरायले आधी हे शिकवा," म्हणाले. आमचं पहिल्या दिवसाचं काम तेच ठरलं.

कागदासाठी २८ सप्टेंबरला मी, ओवी, सानिका आणि झोया अशा चौघी इतवारीला गेलो. सुभाषनगरहून मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरलं की गाडी बदलावी लागत नाही आणि पार्किंगची काळजी नाही. चितार ओळीत लक्ष्मीच्या मूर्ती आणि ग्वालिनी, म्हणजे पणत्या घेतलेल्या गवळणी, रंगवायला काढलेल्या होत्या, पोरी तिथून हलेनात. एक कारागीर ग्वालिनीच्या हातातल्या पणत्यांना कड लावत होते. झोयानं त्यांना विचारलं की हात थरथरत नाही का. त्यांनी काही न बोलता आपलं मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीवर कसं टेकवलंय ते दाखवलं. पुढे कंदिलाला बेगडीची किनार लावताना झोया तशीच मनगट टेकवून बसलेली मी पाहिली.

कागदवाल्याकडे पतंगी कागद ६ रुपये ताव. एका कंदिलाला झिरमिळ्यांसकट तीन ताव पुरतात, मी ३० घेतले. रंग दिवसाउजेडी पाहून घेऊ नका. सानिकाच्या डोक्यात कुठून आलं माहीत नाही, तिनं माझ्या मोबाइलचा दिवा लावून प्रत्येक तावाच्या मागे धरला. गर्द निळा आणि जांभळा उजेड गिळून टाकतात, रात्री काळे दिसतात. पिवळा, नारिंगी, गुलाबी आणि पोपटी पेटून उठतात. दुकानदारही काउंटरवरून वाकून पाहत होते. निळ्याची सहा पानं आम्ही परत केली आणि त्यांनी हसत बदलून दिली.

४ आणि ५ ऑक्टोबर, शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच ते सात. पहिल्या दिवशी गच्चीवर सतरंज्या टाकल्या आणि प्रत्येकाला पॉलिश पेपरचा तुकडा दिला. दोन तास मुलांनी फक्त कामट्या घासल्या. मला वाटलं होतं कंटाळतील. पण त्या घासण्याचा एक आवाज असतो, खर्र खर्र, हळूहळू बारीक होत जाणारा, आणि चौदा जणांचा तो आवाज ऐकत सगळी पोरं गप्प झाली. प्रत्येक कामटी मोजपट्टीवर ठेवून तपासायची, लांब असेल तर कबीर किंवा ओवी छोट्या करवतीनं कापणार. अकरा वर्षांखालच्या कुणाच्याही हातात पातं द्यायचं नाही हा नियम आधीच सांगून ठेवला होता. तरीही ईशानच्या बोटात कूस गेलीच. रडला, चिमट्यानं काढली, हळद लावली, आणि मग तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरला की उलट हात फिरवू नका.

गाठींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कंदील तिथेच होतो किंवा बिघडतो. दोन कामट्या काटकोनात ठेवायच्या. एकानं सांधा चिमटीत धरायचा, दुसऱ्यानं दोरा आधी तिरपा तीन वेळा, मग उलट तिरपा तीन वेळा, आणि शेवटी दोन कामट्यांच्या मधून दोन वेढे आवळून घ्यायचे. हे मधले वेढे सांधा घट्ट करतात, ते विसरलं की चौकोन हलतो. धरणाऱ्याला बोटांखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि बांधणाऱ्याला धरता येत नाही, त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. सानिका आणि ईशानची जोडी होती. ती बांधायची, तो धरायचा. पाचव्या गाठीनंतर तिनं म्हटलं, "सोड आता." त्यानं सोडलं नाही. "अजून एकदा गुंडाळ, मला आतून हलल्यासारखं वाटते." तिनं वेढा घेतला आणि खरंच सांधा बसला. त्याच्या दोन बोटांच्या पेरांवर दोऱ्याचे लाल वळ उठले होते. त्या वेळी माझे हात शिवशिवत होते, पटकन घेऊन बांधून द्यावं असं दहा वेळा वाटलं. सगळ्या आयांनाही वाटत होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्यांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कोथिंबीर निवडायला घेतली.

रविवारी रात्रीपर्यंत २८ चौकोन तयार झाले. ६ तारखेला कोजागिरी होती. गच्चीवर दूध आटत ठेवलं आणि त्याच रात्री चौकोन जोडले. चार चौकोन उभे धरायला चार जण लागतात, त्यामुळे दोन-दोन जोड्या एकत्र आल्या. तळमजल्यावरचे आजोबा वीज मंडळातून निवृत्त झालेत, ते खुर्ची घेऊन आले आणि प्रत्येक सांगाडा जमिनीवर ठेवून हलतो का ते बघत होते. दोन सांगाडे हलले. एका जोडीच्या कामट्या अर्धा सेंटिमीटर आखूड निघाल्या, तेवढ्यानं सगळा कंदील एका खांद्यानं झुकला. त्या जोडीनं तो सोडून पुन्हा बांधला, रात्री साडेदहापर्यंत, दूध गार झालं तरी. दुसऱ्या जोडीनं तसाच ठेवायचं ठरवलं.

मग सगळं थांबलं. ८ ते १४ ऑक्टोबर बहुतेकांची सहामाही परीक्षा होती. आधीच वेळापत्रक पाहून घेतलं म्हणून बरं, नाहीतर आयांनी मुलांना धाडलंच नसतं. फक्त १२ ला, रविवारी, एक तास मागून घेतला आणि तीन कंदिलांना कागद लावला.

खळ घरीच केली. अर्धी वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवायची. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. त्यापेक्षा रोज ताजी करा, आमच्या नागपूरच्या ऑक्टोबरात ती दुसऱ्या दिवशी आंबतेच.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. पतंगी कागद ओला झाला की हातात राहत नाही, पहिले तीन ताव आम्ही असेच घालवले. कागद २२ सेंटिमीटरचा कापायचा, म्हणजे चारही बाजूंनी एक सेंटिमीटर वळवायला मिळतो. आधी चार चौकोन, ते वाळले की त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, वरून दिवा सोडायचा आणि खाली झिरमिळ्या. कागदाला सुरकुत्या पडल्या तर घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा आणि सावलीत टांगायचं. कागद वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. फवारा जास्त झाला तर रंग ओघळतो, गुलाबीचा आमचा एक कोपरा असाच पिवळ्यावर उतरला.

१४ तारखेला परीक्षा संपली तशी मुलं दप्तरासकट गच्चीवर आली. त्या संध्याकाळी उरलेल्या चारांना कागद लागला आणि सातही कंदील मीटरच्या खोलीत ओळीनं ठेवले. १५ ला सकाळी कबीर धावत वर आला. उंदरांनी तीन कंदिलांचे कोपरे खाल्ले होते. खळ पिठाची, वास येतो, हे मला सुचायला हवं होतं. कागद सांध्याजवळ कुरतडलेला, एका कंदिलाचा अख्खा त्रिकोण गेलेला. झोया मुकाट रडत होती. मलाही रडू आलं, कारण मुलांना काय सांगावं कळेना. आजोबांनी सांगाडे तपासले. एकही गाठ तुटलेली नव्हती. "कागदच तर गेला," ते म्हणाले, "कागद दर वर्षी बदलतेच." त्या दिवशी आणि १६ ला संध्याकाळी सगळ्या जोड्यांनी मिळून ते तीन दुरुस्त केले. वास्तविक चार जोड्यांचं काम झालेलं होतं, त्यांना घरी जाता आलं असतं. त्यानंतर रात्री कंदील दोरीला टांगून ठेवले, जमिनीवर एकही नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून टांगा.

दिव्यांचं सगळं आजोबांनी पाहिलं. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता पतंगी कागदाला सोसत नाही, त्यामुळे तो विचारच नव्हता. आधी आम्ही घरातली एलईडीची बारीक माळ पॉवर बँकेवर लावली. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. आजोबांनी सांगितलं की माळ इतकी कमी वीज ओढते की पॉवर बँकेला काही जोडलंय असंच वाटत नाही, ती स्वतःला बंद करून घेते. मग बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून यूएसबीचे ५ वॉटचे सात बल्ब आणले, ७० रुपये एक. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ते साडेचार ते पाच तास चालले. सात घरांतून सात पॉवर बँका गोळा केल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीनं घराचं नाव. वरच्या चौकोनावर दोन कामट्या फुलीसारख्या बांधून बल्ब मधोमध सोडला, कागदापासून चार बोटं तरी दूर.

खर्च लिहून ठेवला आहे. बांबू ५००, कागद १८०, दोरा ७५, पॉलिश पेपर ४०, मैदा ३०, बेगड ६०, बल्ब ४९०, टांगायची दोरी ८०, झेरॉक्स ३०, ऑटो १५०. एकूण १,६३५ रुपये. मुलामागे १०० रुपये घेतले होते, वरचे मी घातले.

१७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, शिडी लावून कबीरच्या बाबांनी दोरी बांधली. सात वाजता बल्ब लावले. मुलं काही क्षण बोललीच नाहीत. मग ईशाननं मान वर करून बोट दाखवलं, "ते माझं बोट आहे." मला आधी समजलं नाही. गुलाबी चौकोनाच्या कडेला खळीचा डाग होता आणि मागून उजेड आल्यावर त्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा रेघेरेघेनं दिसत होता. मग सगळी पोरं आपापले ठसे शोधायला लागली. झुकलेला कंदील वाऱ्यात हळूहळू फिरत होता, बाकीचे स्थिर. फिरायला आलेली मंडळी थांबून त्याच्याकडेच जास्त पाहत होती.

त्यानंतर आणखी सहा रात्री कंदील लागले. रोज साडेअकराला पॉवर बँका काढून घरोघरी द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा गोळा करायच्या, हे काम ओवीनं वहीत पाळी लावून सांभाळलं. २४ ला सकाळी आम्ही दोरी सोडली, फाटकाजवळची जागा झाडली आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तो फोटो पुढे उपयोगी पडला. अनामत परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला जागा साफ केल्याचा पुरावा आणि मूळ पावती लागते. पावतीची झेरॉक्स चालत नाही. २७ ऑक्टोबरला अर्ज दिला, २१ नोव्हेंबरला पैसे खात्यात आले.

कंदील मुलांनी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आपापल्या गॅलरीत लावले. मग ९ नोव्हेंबरला, रविवारी, पुन्हा गच्चीवर जमलो, कागद काढायला. ओल्या फडक्यानं कड भिजवली की कागद सुटतो, सांगाडा वाळवून कोरडा ठेवायचा. मी बाबांचा कंदीलही खाली आणला. आईच म्हणाली, आण. ओवीनं आणि मी त्याचा पांढरा पडलेला कागद हळूहळू सोडवला. दोऱ्याच्या वेढ्यांखाली, जिथे ओलं फडकं पोचत नाही, तिथे जुन्या वर्षांच्या कागदाचे बारीक तुकडे अडकून राहिले होते. पोपटी, नारिंगी, एक लालभडक, एक चंदेरी. मुलं घोळका करून मोजायला लागली आणि प्रत्येक सांध्यावरून भांडली की हा वेगळा रंग की तोच. शेवटी सात रंगांवर एकमत झालं.

आठही सांगाडे आता माळ्यावर दोरीला टांगले आहेत, प्रत्येकाला जोडीच्या नावाची चिठ्ठी. आठव्याच्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते मुलांनी आईला विचारलं. तिनं बाबांचं नाव सांगितलं, ते ईशाननं लिहिलं, वेलांटी चुकवून. २०२६ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बुरडदादांना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांबू लागेल असं सांगून आले आहे.